सासूबाईंचं अहो-जाहो

लग्न होऊन मी साताऱ्याहून घाट उतरून कट्टा गावी आले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. माहेरी आम्ही धाकट्या वहिनीलाही अहो म्हणायचो. सासूबाई मात्र गावातल्या एकूण एक माणसाला एकेरीत हाक मारायच्या. चौथ्याच दिवशी खोबरं खवताना आदाळ्यावर माझं बोट कापलं, तर त्या ओरडल्या, “गो मेले, नारळ खवतंस की बोटां?” आणि हळद आणायला धावल्या. हळद मला दिसलीच नाही. आमच्याकडे ‘मेले’ ही शिवी होती. मी मुसमुसत बसले.

नवरा शाळामास्तर. संध्याकाळी त्याने आईला समजावलं, “आये, तिका वायट वाटता. तिच्याकडे जरा शुद्ध बोल.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, चहा घेता ना?” ही त्यांची मामलेदार कचेरीत जायची भाषा. मला वाटलं, चला, जिंकले. काय माझी अक्कल!

मग देवगडहून धाकटी जाऊ आली. तिला पहिल्याच दिवशी चार शिव्या मिळाल्या आणि सासूबाईंनी आपल्या हाताने सोललेला हापूस. मला फोडी बशीतून, वर चमचा. हा मान म्हणायचा की राग? नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “मान देतेय, आणखी काय हवं?” रुसल्यात म्हणावं, तर माझ्या तापात तीन दिवस उशाशी बसून होत्या. पण विचारायच्या काय, तर “बरं वाटतंय का तुम्हाला?” मला काही उमगेना.

एकदा धीर करून मीच म्हटलं, “आये, माका पाणी व्हया.” जाऊ खो खो हसली. सासूबाई उठल्या, तांब्या भरून आणला आणि म्हणाल्या, “घ्या.” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा वर्षांनी नवऱ्याची बदली झाली. एस.टी.च्या थांब्यावर सासूबाई जावेला झापत होत्या, पेटारा नीट बांधला नाही म्हणून. मला त्या जावेचा चक्क हेवा वाटला. गाडी दिसल्यावर मी त्यांचा हात धरला. “आई, जाण्याआधी मलाही एकदा तसं रागवा ना.”

त्यांचे डोळे भरले. ओठ हलले, थांबले.

“तुमच्याशी नाही हो जमत आता,” त्या म्हणाल्या.