पेन्सिलीनं घालवलेला वण

१९९९ साल होतं, मी बेचाळीसचा. चौथी नापास, पण माणूस ओळखायला मला कधी कागद लागला नाही.

“हनुवटी वर, भाऊ. फोटो हाय, फासी नाई.” गोंडपिपरीकडच्या आमच्या बाजारगावातले फोटोवाले चाचा प्रत्येकाला हेच म्हणत. तुम्हीही तिथे बसला असता तर तुम्हालाही म्हणाले असते.

त्यांची खरी करामत पेन्सिलीची. निगेटिव्हवर बारीक टोक फिरवून देवीचे वण, चामखीळ, गालाचे खड्डे, सगळं घालवायचे. पोरगी पाहायला आलेले पाहुणे तिला पाहून पुन्हा हातातला फोटो पाहत.

“चाचा, हे खोटं हाय,” मी चिडवायचो.

“खोटं नाई भाऊ, मेहरबानी हाय.”

त्या वर्षी पोलिसांना जंगलात नक्षलवाद्यांच्या एका पिशवीत फोटो सापडला. मागे चाचांचा शिक्का अन् निगेटिव्हचा नंबर. माझा धाकटा भाऊ तलावात जाळं टाकून होता, तिथूनच त्याला उचलला. फौजदार एकदा फोटो पाही, एकदा त्याचं तोंड. “हाच.”

“साहेब, माझा सख्खा भाऊ हाय. मी सांगून राह्यलो ना, फोटोतला तो नोहे!”

“तू सांगून काय होते? फोटो सांगते.”

एका ताटात जेवलेला मी खोटा, अन् बोटभर कागद खरा!

तिसऱ्या दिवशी तो नंबर घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी डबा धुंडाळला, निगेटिव्ह उजेडात धरली. “याच्या भुवईवर मोठा वण होता. म्याच घालवला.”

“मंग पुसा ना ते पेन्सिल!”

“पुसतो. तुझा भाऊ सुटन. पण कोन्या दुसऱ्या मायच्या पोराचं खरं तोंड त्याईच्या हाती जाईन.”

“मले माझा भाऊ पायजे.”

त्यांनी टर्पेन्टाइनचा बोळा फिरवून पेन्सिल पुसली.

नवा फोटो घेऊन ते स्वतः ठाण्यात आले. वण लख्ख. भावाची भुवई कोरी. संध्याकाळी त्याला सोडलं, अन् फौजदार चाचांवरच उखडला, “असे किती चेहरे बिघडवले?” आमच्या डोळ्यांदेखत दुकानातले निगेटिव्हचे सारे डबे जीपमध्ये गेले. चाचा रिकाम्या फळीकडे पाहत उभे. मी भावाला घेऊन घरी निघालो. त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

आता म्हणे पोलिसांकडे चेहरा ओळखणारं यंत्र आलं. आलं असेल. त्यालाही कागदच दाखवत असतील.

तेव्हा, भाऊ सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तलावातली मोठी मरळ घेऊन मी दुकानाकडे गेलो. कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, “चाचा पहिल्या गाडीनंच गेले. कुठी, ते नाई सांगितलं.” मासा तसाच हातात धरून पायरीवर बसलो. हनुवटी काही वर होईना.