बायकोचं नाव काय?

"पोस्ट-इक्टल कन्फ्यूजन," वॉर्डातली तरुण डॉक्टर म्हणाली. म्हणजे फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ. पुरावा असा, की ह्यांना बायकोचं नाव विचारलं तर ह्यांनी 'कुंदा' सांगितलं आणि कागदावर होतं 'वैदेही'.

मी उशाशीच उभी होते. दोन्ही मीच.

त्या सकाळी इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता हे कोसळले होते. जबडा आवळलेला, हातपाय झटके देत होते. सगळं दोन-तीन मिनिटांचं. मला अर्धा तास वाटला.

डॉक्टरला मी समजावलं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. वैदेही हे सासूबाईंनी निवडलेलं. ह्यांनी ते मुकाट्याने लिहिलं आणि दोघंच असताना आयुष्यभर कुंदा म्हणत राहिले.

"म्हणजे उत्तर बरोबरच होतं की," ती म्हणाली आणि तिने कागदावरचा गोंधळाचा शेरा खोडला.

पुढचे तीन दिवस तपासण्या. एमआरआय, म्हणजे चुंबकाने मेंदूची चित्रं. ते यंत्र असं ठोकतं की शेजारी कुणी किचन एक्स्टेन्शन काढतंय असं वाटावं. मग ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद. गाठ नाही, रक्तस्राव नाही. पहिलीच फिट, कदाचित शेवटचीही. औषध नको, पण सहा महिने गाडी चालवायची नाही.

आता सगळं माझ्या गाडी चालवण्यावर होतं. मी आठवड्यातले तीन दिवस एका खेड्यातली लायब्ररी उघडते. तिथली पहिली बस लायब्ररी उघडायची वेळ टळून गेल्यावर पोचते. गाडीचा विमा ह्यांच्या नावावर, मी त्यात फक्त नेमड ड्रायव्हर, म्हणजे जोडीला नाव घातलेली, आणि मुदत दोन आठवड्यांत संपणार. म्हणून माझ्या नावाने विमा मागितला. तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. आकडा दुप्पट आला. त्यापेक्षा नोकरी सोडून घरी बसणं स्वस्त पडलं असतं.

कंपनीचा फोन धरून बसणं ही वेटिंग रूमच. फक्त जुनी मासिकं नसतात.

"तुमचा क्रेडिट स्कोअर कमी दिसतोय," शेवटी एकजण म्हणाला.

"मी कुणाचे पैसे बुडवलेत?"

"नाही, तसं नाही. तुम्ही कधी घेतलेलेच दिसत नाहीत."

"आणि माझ्या ड्रायव्हिंगचं काय?"

"तो वेगळा प्रश्न आहे, मॅडम."

मला तो एकच प्रश्न वाटत होता.

शनिवारी आमची ईशा कार्डिफहून आली. तिने लॅपटॉपवर माझे क्रेडिट रिपोर्ट काढले.

"आई, तू दोन बाई आहेस! पासपोर्ट, लायसन्सवर कुंदा. बँक, जीपी डॉक्टर, व्होटर लिस्ट, तिकडे वैदेही. कुंदाकडे लायसन्स आहे पण अॅड्रेस नाही. वैदेहीचा घर आहे पण ती ड्राइव्हच करत नाही. आणि सगळे बिल बाबाच्या नावावर!"

"वैदेहीचं घर," हे सोफ्यावरून म्हणाले. "घर नपुंसकलिंगी."

"बाबा बरे झाले," ईशा म्हणाली.

दोष आमचाही होता. पासपोर्टवर मी आडनाव बदललं, नाव बदलायचं राहिलं. बाकीचे फॉर्म सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांच्यादेखत भरले.

लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रं. मधले काही आठवडे एक सहकारीण मला वाटेत गाडीत घेत होती. मग सगळीकडे एकच कुंदा झाली आणि विम्याचा आकडा उतरला. तीच गाडी, तोच रस्ता, तीच मी. नोकरी वाचली याचा आनंद झाला, आणि आकडा उतरला याचाच जास्त राग आला. म्हणजे आधी तो माझ्या चालवण्याचा नव्हताच.

मी तक्रार केली. नियम सगळ्यांना सारखाच लागू असल्यामुळे न्याय्य आहे, असं उत्तर आलं. सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा दिला तर तोही सारखाच असतो.

तुमच्या घरी असं आजारपण येण्याआधी एखादं बिल स्वतःच्या नावावर करा आणि कुठल्या कागदावर तुमचं कुठलं नाव आहे ते पाहा. हा न्याय नव्हे, छत्री आहे. आणि जिच्याकडे ईशा नाही, तिने काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी क्लिनिकमध्ये ह्यांना नेहमीचे प्रश्न विचारले. वार कोणता? सांगितला. पंतप्रधान कोण? इथे ते इतक्यांदा बदलले, की मीही क्षणभर अडखळले. बायकोचं नाव?

"कुंदा."

मला तो खोडलेला शेरा आठवला, आणि तो खोडणारी पोरगी.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मान हलवली. "करेक्ट."

"तीस वर्षं लागली," हे मला मराठीत म्हणाले.