छगनच्या गळ्यातली वीणा

रंभाजीबुवांचं नाव निघालं की शेवगाव तालुक्यातल्या त्या गावाची छाती फुगायची. टीव्हीवर कीर्तन करणारा माणूस आपल्या गावचा, हे सांगायला गावाला निमित्त लागत नसे. बुवा जाऊन तीन वर्षं झाली तरी एसटीच्या थांब्यावर त्यांचा फोटो होता, रसवंतीला त्यांचं नाव होतं आणि पुण्यतिथीला सात दिवसांचा सप्ताह बसायचा.

त्याच गावात छगनची पिठाची गिरणी. बायको गेलेली, मुलगा चाकणला कंपनीत. दिवसभर गिरणीवर माणसं, संध्याकाळी पारावर जुना दोस्त काकासाहेब, आणि सप्ताहात वीणेचा एक पहारा, एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. बोलायला मात्र जरा सरळ होता. सरळ बोलणाऱ्याचं गावात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

सप्ताहाला महिना उरला असताना एक मुलाखत मोबाईलवर फिरायला लागली. बोलणारी ज्योती, आता नाशिकला संसारात असलेली. लहानपणी ती गाणं शिकायला बुवांच्या घरी राहिली होती. बारा वर्षांची असताना बुवांनी खोलीचं दार लावून तिच्याशी काय केलं, ते तिनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. गावाला त्याचाच जास्त राग आला. रडली नाही म्हणून खोटी ठरली. रडली असती तर नाटकी ठरली असती. गाव दोन्हीकडून तयार होतं.

"मेलेल्या मानसावर कुनीबी चिखल फेकंल," पारावर काकासाहेब म्हणाला. "इतकी वर्सं हिच्या तोंडात काय मूग हुते का? बुवा हुते तवा बोलायचं हुतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. छगनची मान तेवढी हलली नाही.

"मला तर पोरगी खरं बोलती असं वाटतंय," तो म्हणाला.

झालं. एवढं एकच वाक्य. त्याच्याकडे पुरावा नव्हता, काही नव्हतं. एवढंच आठवत होतं की बुवांच्या घरचं दळण घेऊन ही पोर यायची, तेव्हा गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून गायची. मग एका दिवाळीनंतर गायची थांबली. दळण झालं तरी डबा घेऊन कोपऱ्यात बसून राहायची. "जा की गं घरी," म्हटलं की पीठ अजून गरम आहे म्हणायची. पीठ कधीच गार झालेलं असायचं. छगनला तेव्हा ते कोडं वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवरची गर्दी आटली. बायका पलीकडच्या वाडीत दळायला जायला लागल्या. मुलाचा फोन आला, "दादा, तुम्हाला काय करायचं होतं? उगाच कशाला बोलायचं?" पारावर छगन जाऊन बसला की एकेकाला कामं आठवायची. काकासाहेबासोबत त्यानं चाळीस वर्षं एका पुडीतली तंबाखू खाल्ली होती. तोही चप्पल घालून उठायला लागला. गिरणी बंद असली की घर इतकं गप होतं, हे छगनला माहीत नव्हतं. तो उगाचच पट्टा चढवून मोकळी गिरणी फिरवायचा. आवाजाची तरी सोबत.

सप्ताहातला त्याचा पहारा काही कुणी काढला नाही. काढला असता तर शेजारच्या गावांना कारण सांगावं लागलं असतं. सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पुढचा उभा राहतो. पुढचा येईपर्यंत आधीच्याला हलता येत नाही. गावानं नेमकं हेच हेरलं.

दुपारी दोनला छगननं वीणा घेतली. देणाऱ्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. समोर बुवांचा हार घातलेला मोठा फोटो होता. छगननं डोळे मिटले. वीणा देवाची आहे, बुवांची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. चारला काकासाहेबाचा पहारा होता.

चार वाजून गेले. काकासाहेब मंडपाच्या दाराशी येऊन उभा राहिला, पण आत आला नाही. त्याच्यामागे आणखी पाचसहाजण होते.

"छगन, माईकवर दोन शब्द बोल," तो म्हणाला. "चुकलं म्हन. लगेच घेतो वीना."

छगन भजन म्हणत राहिला. उन्हं कलली. त्याच्या पायाला गोळे आले, घसा कोरडा पडला. पाणी कुणी दिलं नाही. वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडणार आणि त्याचं पाप कायमचं आपल्या नावावर चढणार, हे त्याला कळत होतं. दाराशी उभ्या असलेल्यांनाही कळत होतं; तेही घाबरून त्याच्या गुडघ्यांकडेच पाहत होते. पण पुढं कुणी आलं नाही.

चुकलं म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं दोनदा आलं. एका शब्दात पारावरची जागा परत मिळणार होती, काकासाहेब परत मिळणार होता. त्याला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही. पण तो शब्द काही तोंडातून बाहेर पडला नाही.

तेवढ्यात दाराशी कुजबुज झाली आणि माणसं बाजूला सरली. गोजरबाई आत आल्या. बुवांच्या पत्नी. मुलाखत आल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. या गावात बाईनं कधी वीणा घेतली नव्हती.

त्या सरळ छगनसमोर आल्या, वाकल्या, त्याच्या पाया पडल्या. छगन भांबावला. "माई, तुमी नका—"

"द्या इकडं," त्यांनी पदर सावरून मान पुढं केली.

त्यानं वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकासाहेब फोटोकडे पाहत होता.

"गावात मी एकलाच पडलो हुतो, माई," छगन म्हणाला.

"तुमी महिनाभर," त्या हळूच म्हणाल्या. "मी ती पोर घर सोडून गेली त्या दिसापून."

त्यानं दाराकडे पाहिलं. माणसं पांगायला लागली होती.

"तुमाला सोडवाया कोन येनार, माई?"

"कोन येतंय? दोन घास खाऊन तुमीच या," त्या म्हणाल्या आणि तारेवर बोट ठेवलं.