वत्सलाताईचे गुरुवार

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. फोन विठ्ठलदादाचा. मळ्यावरची गाईगुरं बघणारा विठ्ठलदादा फोनवर लांबण लावत नाही. "सुरेखा, ताई सकाळी गेली. बसल्या बसल्या. तू धावपळ करू नकोस, आम्ही थांबतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नाहूरहून शहापूर आणि तिथून पुढे मळा, म्हणजे तीन तास तरी हवेतच. मी पोचले तेव्हा ताईला अंगणात निजवलं होतं, आणि तिच्या नखांत माती होती. ऐंशी पार केलेली ही बाई आदल्या संध्याकाळी वांग्याची रोपं लावत होती म्हणे. मला रडू फुटलं ते त्या नखांकडे बघून.

त्याला आता सहा आठवडे होतील. ताईवर तू लिही, असं तीन-चार जणांनी सांगितलं आणि मी टाळत राहिले. कारण तिच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागणार. ती असताना तिला सांगायलाच हवी होती अशी एक गोष्ट मी जवळजवळ चाळीस वर्षं पोटात ठेवली. ती झाकून ठेवून तिचं कौतुक करत बसले तर ती निव्वळ लबाडी होईल. तेव्हा लिहितेच.

वत्सलाताई मुळात अंधेरीच्या एका शाळेत गणित शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, आवाज असा की वर्ग चिडीचूप. सहावीत मी तिच्याच विषयात दोनदा नापास झाले. मग एक दिवस शाळेत कळलं, बाईंनी राजीनामा दिला. शहापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी पाच-सहा कुटुंबांनी मिळून जमीन घेतली होती. एकत्र राहायचं, एकत्र शेती करायची आणि मुलांनी तिथेच कामातून शिकायचं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. त्या जागेला सगळे नुसतं मळा म्हणत. आम्ही तेव्हा जोगेश्वरीच्या चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडलेली, आई चार घरी पोळ्या करायची. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं आमच्यासारख्यांच्या घराची पार वाट लावून गेली. तशात एका रविवारी बाई आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "ही मुलगी ढ नाही. हिला कुणी वेळ दिला नाही. मीही दिला नाही. माझ्याबरोबर मळ्यावर पाठवा."

बाबा मालवणचे. मोजकं बोलणारे. जमिनीकडे बघतच म्हणाले, "तुमच्या भरवशार पाठवतंय बाई. पण तिची दहावी होवक व्हयी. आमच्या घरात अजून कोण दहावी झालेला नाय." ताई म्हणाली, "होईल. मी शब्द देते."

मळ्यावर गेल्यावर पहिला धक्का म्हणजे बाईंना बाई म्हणायचं नाही. "अगं ताई" म्हणायचं, तेही तू करून. दुसरा धक्का, घंटा नाही, तास नाहीत, पाठ करायला काही नाही. प्रत्येकाने महिनाभर एकेक काम धरायचं आणि त्या कामात जे अडेल ते शिकायचं. मी गोठा धरला. गाईला किती पेंड घालायची यावर अपूर्णांक आले, आणि ज्या अपूर्णांकांनी मला दोनदा झोपवलं होतं ते आठ दिवसांत चूपचाप वळणावर आले. मुलगे भाकऱ्या थापायचे, संडास धुवायची पाळी ताईपासून सगळ्यांना. ताईची भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटायची आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. तीही हसायची. शाळेत जिला हसताना बघितलं नव्हतं ती बाई! सुट्टीत घरी गेले की आई विचारायची, "काय गो, थंय शिकवतत काय नुसती ढोरां राखूक लावतत?" चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मला काही वाटायचं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा हुशार झाले होते.

मळ्यावर एक रीत होती. संध्याकाळी जेवणं झाली की सगळे ओसरीवर बसायचे आणि प्रत्येकाने आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. फक्त स्वतःचं. कारण द्यायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ऐकणाऱ्यांनी एक शब्द बोलायचा नाही, लगेच पुढच्याने आपलं सांगायचं. आणि चुकीची भरपाई कशी करायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. ताईचा नंबर रोज पहिला. "आज मी विठ्ठलवर विनाकारण खेकसले." "आज बी उथळ पेरलं, पाखरांनी खाल्लं." मोठी माणसं पोरांसमोर असं बोलतात हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. आजही फारसं पाहत नाही.

आता ती गोष्ट. मी सोळा वर्षांची होते. मळ्याच्या मुलांना दहावीला बाहेरून बसावं लागे, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. तालुक्याच्या शाळेचे हेडमास्तर मदत करायचे. तारीख कळली की पोस्टकार्ड टाकतो, असं त्यांनी ताईला सांगितलं होतं. जुलैचा महिना, भाताची लावणी ऐन भरात, सगळा मळा चिखलात. त्या महिन्यात टपाल आणायचं काम माझ्याकडे होतं. गावातल्या पोस्टातून मी ते कार्ड आणलं, वाटेत वाचलं. येत्या शुक्रवारी शेवटची तारीख, मुलीचा दाखला घेऊन यावे. पेपर, नंबर, घंटा, परत ते सगळं. पुन्हा नापास झाले तर? आणि पास झाले तर मळा सोडून जोगेश्वरीला जावं लागणार, तेही नकोच होतं. मी ते कार्ड गोठ्याच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं. दोन दिवसांनी देऊ म्हणून. दोनाचे चार झाले. शुक्रवार गेला. मग तर द्यायची सोयच उरली नाही. मी ते चुलीत घातलं.

लावणी उरकल्यावर ताईला फॉर्मची आठवण झाली. ती तशीच तालुक्याला गेली आणि संध्याकाळी परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. कार्ड पाठवलं होतं म्हणाले हेडमास्तर, पण टपाल हरवतंच, असं म्हणून ताईने ते तिथेच सोडलं. दंड भरायची मुदतही टळून गेली होती. त्या संध्याकाळी ओसरीवर ताई म्हणाली, "सुरेखाच्या फॉर्मची तारीख मी स्वतः जाऊन विचारायला हवी होती. लावणीच्या नादात विसरले. तिचं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं." तिच्या शेजारी मी बसले होते. पुढचा नंबर माझा. मी म्हणाले, "आज माझ्या हातून ताकाचं भांडं सांडलं."

ताक खरंच सांडलं होतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन जोगेश्वरीला आली. पत्र पाठवता आलं असतं, पण तिला बाबांसमोर उभं राहून सांगायचं होतं. सांगितलं तिने, कारण न देता, अगदी ओसरीवर सांगावं तसं. मी दाराशी उभी होते. आता बोल, आता बोल, असं स्वतःला म्हणत होते. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुमचो भात वेळार लागलो मां?"

ताई म्हणाली, "हो. लागला."

बाबांनी मला त्याच दिवशी घरी ठेवून घेतलं. ज्या मळ्यासाठी मी ते कार्ड जाळलं तो मळा त्या कार्डापायीच सुटला. आणि त्यानंतर बाबा ताईशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटपर्यंत.

पण ताईने भरपाई ठरवली होती. पुढच्या गुरुवारी ती पिशवी घेऊन आमच्या चाळीत हजर. गुरुवार ते शनिवार इथे, बाकी दिवस मळ्यावर. रात्री ती अंधेरीला बहिणीकडे झोपायची आणि दिवसभर आमच्या गॅलरीत चटई टाकून मला शिकवायची. पुस्तकातलं शिकवायचीच, पण सवय कुठे जाते? नळाला पाणी किती वाजता येतं, पिंप किती वेळात भरतं, तीन घरांनी एकदम नळ सोडले तर काय, यावर आमचं बीजगणित झालं. जवळच्या जोगेश्वरी लेण्यांत नेऊन खांबांच्या सावल्या मोजायला लावल्या. हळूहळू चाळीतल्या आणखी मुली येऊन बसायला लागल्या. मागच्या बौद्धवाडीतल्या दोघी आल्या, त्यांच्या मागून त्यांचे भाऊ. गॅलरी पुरेना, मग जिन्यावर. पुढच्या वर्षी मळ्यावर लावणी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता काही ताई येत नाही. गुरुवारी सकाळी ती आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, पिशवीत टाकळ्याची जुडी. आई ती भाजी करायची. बाबा ताटात घेत नसत.

मी दहावी झाले. गणितात चाळीत कुणाला पडले नव्हते इतके मार्क पडले. बाबांनी पेढे वाटले, ताईला सोडून. मी पास झाल्यावरही ताईचे गुरुवार थांबले नाहीत, पुढे कित्येक वर्षं चालू राहिले. त्या जिन्यावर बसून शिकलेली माणसं आज मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरली आहेत. कुणी बँकेत, कुणी नर्स, आणि मी, सहावीत दोनदा लटकलेली, गणिताची बाई. लोक मला म्हणतात, केवढं काम उभं केलं ताईंनी! खरंच केलं. पण ते उभं राहिलं माझ्या एका खोटेपणावर. जी चूक तिने केलीच नव्हती तिची भरपाई ती आयुष्यभर करत राहिली. आणि एकदाही तिने ते ओझं म्हणून वागवलं नाही, हसतच यायची. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी मळ्यावर गेले होते. ती आमची शेवटची भेट. उन्हात शेंगा सोलत बसलो होतो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मध्येच ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला माफ केलं असेल का गं?" मी तिच्याकडे बघितलं... इतका सरळ प्रश्न. यापेक्षा चांगली वेळ मला कोण आणून देणार होतं? आणि मी म्हणाले, "केव्हाच, ताई." म्हणजे दुसऱ्यांदा खोटं. तिला किती बरं वाटलं ते मी पाहिलं. त्याचीच आता लाज वाटते.

तेराव्याला मळ्यावर जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले. मी सांगितलं सगळं. रीतीप्रमाणे कुणी काही बोललं नाही. विठ्ठलदादाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आपलं सांगायला घेतलं. मला वाटलं, सुटले. पण सुटले नव्हते. म्हणून परवा जोगेश्वरीला आईकडे गेले. आई आता पंच्याऐंशीची, त्याच खोलीत राहते. तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

मग म्हणाली, "तुका म्हायत नाय. शनवारी जाताना ती बाई नाक्यार जाय. तुझो बापूस थंय बसलेलो असायचो. तू त्या हप्त्यात काय काय शिकलंस ता सगळा त्येका उभ्यान सांगी, आणि मगे गाडी पकडूक जाय. ह्यो मान वर करी नाय. तरी ती सांगूचा काय सोडूक नाय."

मला हे खरंच माहीत नव्हतं. आईने सुपातले खडे बाजूला केले आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"मगे आता तुझ्या बापाशीक ता कार्डाचा कोण सांगतलो?"