मुलाण्याचा मान

मी शाळंत खिचडी शिजवते. मला काय कळतंय, म्हणाल. पण माझे डोळे काय फुटले न्हाईत.

रिटायर झाल्यावरबी भगवंत गुरुजी घरी बसले न्हाईत. जुन्नर-आंबेगावच्या शाळांत गाडीवर जायचे, मास्तरांना सांगायचे, "धर्म नुसता पुस्तकातनं नका शिकवू. आपल्या सणाला दुसऱ्या धर्माचं कोण लागतं, ते पोरांना घरी विचारून यायला सांगा." लई गोड माणूस. पण त्याच नादात एक चूक करून बसले.

आमच्या पोरांनी तक्ता केला. पिराचा मलिदा कुशाबाच्या घरचा. आन देवीच्या जत्रंत बोकड कापायचा मान दस्तगीर मुलाण्याचा. जत्रंदिवशी वाजंत्री त्याच्या दारात जायची, वाजतगाजत त्याला देवळापाशी आणायची. त्यानं सुरी फिरवल्याबिगर गाव मटणाला हात लावत नसे. गुरुजींना कोण आनंद! तक्त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

तिथंच घात झाला. सगळ्यांना ठावं असलेलं लिवलेलं दिसलं, आन तरण्या पोरांची डोकी फिरली. "आपल्या देवीचा बोकड त्यानं का कापायचा?" बैठक बसली. गुरुजींनी हात जोडले, "अरं, तुमच्या आज्यापंज्यानं दिलेला मान हाय." कुणी ऐकंना. ज्याच्या घरचा मलिदा पिराला जातो त्या कुशाबानंबी तोंड उघडलं न्हाई. मेल्याचा अजून राग येतो मला.

दस्तगीर चाचाला बैठकीचं कळलं व्हतं. तरी जत्रंदिवशी धुतलेली कापडं घालून ओट्यावर बसला, सुरी फडक्यात गुंडाळून. वाजंत्री आली आन दारावरनं तशीच पुढं गेली. चाचा दुपारपतूर तिथंच बसून व्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच्याकडं गेले. माझं घर शेजारीच, सगळं ऐकू आलं. गुरुजी ढसाढसा रडत व्हते.

"पोरांनी खरंच लिवलंय, तुमी कशापायी रडता?" चाचा म्हणाला. "फकस्त एक करा, गुरुजी. माझं नाव तेवढं खोडा. नातीला त्याच वर्गात बसायचंय."

सोमवारी गुरुजींनी भिंतीवरचा तक्ता उतरवला आन पेनानं ती ओळ खोडली. चाचाची नात पुढंच बसली व्हती. आज्याचं नाव तक्त्यावर तिनंच लिवलं व्हतं.