रोज गाव विचारणाऱ्या पोरी

त्या पोरींना शिकवता शिकवता माझं डोकं उठायचं. निजामाच्या अमलातला परभणीचा सरकारी दवाखाना. बायकांचा वार्ड माझ्याकडं, आणि नर्सचं काम शिकायला आलेल्या चार पोरीही माझ्याच गळ्यात. पाठांतर खडाखडा! पण औषध घेऊन खाटेजवळ गेल्या की विचारणार, "बोरी गावच्या तुमीच ना?" आणि बाई म्हणणार, "जी."

आमच्याकडच्या बाया सरकारी माणसाला 'न्हाई' म्हणतच नव्हत्या हो. तहसीलदार असो, फौजदार असो, की पांढऱ्या कपड्यातली शेंबडी पोर असो. मान खाली घालून 'जी' म्हणायचं आणि समोर येईल ते गिळायचं.

मग मी दुपारी व्हरांड्यात खोटा वार्ड मांडायला लागले. दोन पोरी खाटेवर रोगी म्हणून, बाटलीत गुळाचं पाणी. रोगी झालेलीनं काहीही विचारलं तरी 'जी'च म्हणायचं, अशी माझी ताकीद. एक पोर तर पदर ओढून असं 'जी' म्हणायची, की बाकीच्या हसून लोळायच्या. "अगं भवान्यांनो, दात काय काढता? भलत्याच बाईला पाजलं तुमी! नाव-गाव आपण सांगायचं न्हाई, तिच्या तोंडून काढायचं!" सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरसाहेब जाता-येता बघायचे. "बाई, ये क्या तमाशा लगाए? दवाखाना है के नाटक कंपनी?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण साहेबांपुढं बोलणार काय, कपाळ!

अशात एकाच नावाच्या दोन बाया शेजारच्या खाटांवर आल्या. एक बोरीची, हिवतापानं फणफणलेली. तिला कोयनेलचा, म्हणजे क्विनीनचा, कडक डोस. दुसरी ताडकळसची, पोटुशी, आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. ते कोयनेल तिला पाजलं असतं तर हेही लेकरू हातचं जाण्याचं भय.

बोरीचीला खिडकीजवळ हुडहुडी भरायला लागली, म्हणून दोघींनी आपसात खाटा बदलल्या. कुणाला सांगायचं काय त्यात? सकाळी तीच पदर ओढून 'जी' म्हणणारी पोर बोरीचीचा डोस घेऊन सरळ खिडकीजवळ गेली.

"बाई, नाव काय तुमचं?"

बाईनं सांगितलं. दोघींचं एकच ते! मी टेबलाशी पट्ट्या गुंडाळत होते, खाटा बदलल्याचा मलाही पत्ता नव्हता.

"अन् गाव कोणतं?"

"ताडकळस."

पोर डोस तसाच घेऊन माझ्याकडं आली. "बाई, खिडकीपाशी ताडकळसची हाय." तिला पोटाशी धरावंसं वाटलं मला. पण म्हणाले एवढंच, "जा, बोरीचीला दे."

साहेबांना सांगितलं तर म्हणे, "हुआ क्या? कुछ नहीं ना? फिर?"

ताडकळसचीला बाळंत होईपर्यंत ठेवून घेतली होती. घरी निघताना तिनं साहेबांना हात जोडले. "पोरी लय मायाळू हायत, साहेब. पण इसरभोळ्या! इतके दिस ऱ्हायले, तरी रोज सकाळी नाव-गाव इचारतेत."

साहेब माझ्याकडं वळले. "देखा? इत्ता भी याद नहीं रहता इनको. कल से वो तमाशा बंद."

संताप संताप झाला माझा. जे झालंच नाही ते या माणसाला दाखवू कसं? दाखवायला होतं ते त्या बाईच्या पदराखाली, मुठी आवळून भोकाड पसरायलं होतं.