चांदसाबची शीळ

भवानी पेठेत आमची सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा गल्लीत ज्याला त्याला काही ना काही खुपलं. मागच्या बैठ्या घरातला चांदसाब मात्र चकार शब्द बोलला नाही. टॉवेलच्या मागावर काम करणारा माणूस. दिवसभर खडखडाट ऐकून आल्यावर त्याला कबुतरांशिवाय कुणाशी बोलावंसं वाटत नसे. बायकोशीही नाही, असं सुगराबी स्वतःच सांगायच्या. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या मागच्या गॅलरीतून त्याच्या गच्चीवरची कबुतरांची ढाबळ दिसते, आणि बांबूवर बसवलेली छत्रीही, म्हणजे कबुतरांनी उतरायची जाळीची चौकट. पेन्शनीत निघाल्यापासून मला दुसरा उद्योगही नाही.

चांदसाबची शीळ पेठेत प्रसिद्ध होती. ठिपक्याएवढी दिसणारी कबुतरं ती ऐकून पंख आवळून खाली यायची. त्यातही सब्जा नावाचा नर म्हणजे हुकमाचा ताबेदार. राणी जरा मिजासखोर, पण दिसायला देखणी. दोन गल्ल्या सोडून भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या सोमलिंगचा राणीवर फार दिवसांपासून डोळा होता. कबुतरवाल्यांत एक कायदा आहे, कोर्टापेक्षा कडक: पाखरू ज्याच्या छतावर आपणहून उतरलं, त्याचं झालं. भांडायचं नाही, मागायचं तर नाहीच.

आषाढातली संध्याकाळ होती. पश्चिमेचा वारा भणाणत होता. चांदसाबनं नेहमीच्या वेळी शीळ घातली. सब्जा तत्काळ सुटला, आमच्या गच्चीवरून खाली आला आणि छत्रीपाशी कुणी झापड मारावी तसा फेकला जाऊन कठड्यावर आदळला. मान मोडली. राणीही आली, पण आमच्या गच्चीच्या उंचीला येताच माघारी वळली. चांदसाब शिळा घालत होता, काठीला बांधलेलं फडकं गरगरा फिरवत होता. ती पुन्हा आली, पुन्हा वळली. शेवटी सरळ सोमलिंगच्या गच्चीवर जाऊन उतरली.

सब्जाला त्यानं अंगणात पुरलं आणि ओक्साबोक्शी रडला. राणीला नुसत्या शिव्या.

दुसऱ्या दिवशी सोमलिंग राणीला पिशवीत घालून आला. मनात नव्हतं, पण शेजारधर्म.

"चांदभाई, घ्या की तुमची राणी. सब्जाचं ऐकून लई वाईट वाटलं."

"न्हाय. तुज्या छतावर उतरली, तुजी झाली. असली नमकहराम मला नगं."

सोमलिंगनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरी जाऊन त्यानं रिवाजाप्रमाणे तिच्या पंखांचे पर दोऱ्यानं बांधले. नव्या घराची सवय होईपर्यंत पाखराला असंच ठेवतात.

माझ्या पुढच्या गॅलरीतून वेगळीच गंमत दिसते. वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि घारी त्यावर पंख न हलवता तरंगत राहतात. आयतं ताट. पण तोच वारा गच्ची ओलांडली की मागच्या बाजूला गडबडा लोळत कोसळतो. डोळ्यांना काही दिसत नाही. पाखराला पिसांच्या मुळाशी ते कळतं म्हणतात.

चांदसाबला ते कळलं कामाच्या सदऱ्यामुळे. कारखान्यातून आला की तो गच्चीवर सदरा झटकायचा, कारण घरात झटकलेला सुगराबींना चालत नसे. एकदा वाऱ्याच्या वेळी झटकला. कापसाची तुसं उडाली, छत्रीपर्यंत गेली, तिथं उलटी फिरली आणि दाणकन खाली आली. त्यानं पुन्हा झटकला. पुन्हा तेच. मग मान वर करून मागच्या गॅलरीतल्या माझ्याकडे पाहिलं.

"काका, हितं वारा वरनं पडतोय की!"

"इमारत झाल्यापासून पडत असणार."

"म्हंजी राणीला कळलं हुतं."

मी होय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं छत्री उपटून पार पूर्वेच्या कोपऱ्यात रोवली. फडकं सुगराबींनी फरशी पुसायला घेतलं. त्यानंतर त्याची शीळ पेठेत कुणी ऐकली नाही. कबुतरं सोडायचा आणि भिंतीला टेकून गप्प बसायचा. ती आपल्या सवडीनं उतरायची. लोक म्हणाले, चांदसाब खचला. मलाही तसंच वाटलं.

पोळा झाल्यावर सोमलिंगनं राणीचे पर सोडले. त्याच्या थव्यातून ती एका संध्याकाळी अलग झाली, आमच्या भिंतीलगतच्या वाऱ्यावर चढली आणि घारींच्या खाली घिरट्या घालू लागली. चांदसाब उठून उभा राहिला. बोटं ओठांपर्यंत गेली. ती त्यानं खाली आणली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. राणीनं वारा मंदावू दिला, लांबून वळसा घेतला आणि छत्रीवर उतरली.

सोमलिंग धापा टाकत आला. हरल्याचं दुःख होतंच, पण कायदा तो कायदा.

"तुमची झाली, चांदभाई. शीळ कशी ऐकू आली न्हाय?"

"घातलीच न्हाय," चांदसाब म्हणाला. "शिळेला सब्जा आला हुता."

सोमलिंगनं रिवाजाप्रमाणे पर बांधायला दोरा पुढं केला. चांदसाबनं तो घेतला नाही.